गवाह खरा होता

आमच्या गिरदावरसाहेबांना वांगी आणायला पाठवणं म्हणजे संध्याकाळच्या भाजीवर पाणी सोडणं. बाजारात गेले की ते एखाद्या बाईच्या पाटीसमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "याच्यात खोट काय हाय, थे सांग." वांगी विकायला बसलेली बाई वांग्यांची खोट कशाला सांगेल? ती म्हणायची, "खोट नाई साहेब, आजच तोडले." साहेब गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि पुढच्या पाटीसमोर बसायचे. असं करत करत बाजाराच्या टोकाला एखादी कावलेली म्हातारी म्हणायची, "किडके असतीनच दोन-चार, घ्याचे तं पाहून घ्या, नाई तं जा बाप्पा." की साहेबांचा चेहरा उजळायचा. तिथली वांगी ते न पाहताच पिशवीत घालायचे.

"जो आपल्या मालाची खोट सांगते, त्याचाच माल घ्यावा," हे त्यांचं तत्त्व. काकूंचं म्हणणं वेगळं. "याह्यच्या तत्त्वापायी माह्या घरात जेवढे किडके वांगे आले, तेवढे साऱ्या आदिलाबादेत कोनाच्या घरात आले नसतीन," असं त्या विळीवर बसून म्हणायच्या, साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला फिरता अंमलदार. पटवाऱ्याने कागदावर लिहिलेलं पीक शेतात खरंच उभं आहे का, बांध सांगितला तिथंच आहे का, हे जागेवर जाऊन पाहायचं आणि पंचनामा करायचा. शब्द निजामाच्या काळचा. कचेरीतून तो केव्हाच गेला होता, साहेबही निवृत्त झाले होते, पण गल्लीत त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. शाळा उर्दूत झालेली, बायकोशी भांडण मराठीत, लाइनमनशी तेलुगूत. उंच, वाकलेले, उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली होती आणि तिथं माझं कंप्युटरवर मराठी टाइप करून देण्याचं दुकान होतं.

त्या दुकानाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या भागात मराठी बोलणारी गावंच्या गावं आहेत, मराठी शाळा आहेत, पण नव्वदच्या त्या वर्षांत आदिलाबादेत मराठी अक्षरं जुळवून देणारं कोणी नव्हतं. तेलुगू मिळायचं, इंग्रजी मिळायचं. मराठीत लग्नपत्रिका हवी असेल तर पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला जायचं, नाहीतर किनवटला. मी नागपूरला मावशीकडे राहून हे काम शिकून आले होते. माझे बाबा मराठी शाळेत मास्तर. नोकरीच्या परीक्षा मीही देत होते, आमच्या वस्तीत प्रत्येक शिकलेली पोर देतेच. पण मला नोकरी नको होती. मला माझं दुकान हवं होतं आणि दारावर मराठी पाटी हवी होती. बाबांनी एक उन्हाळा मला दिला. "हंगाम चालला तं दुकान चालव. नाई चालला तं नेमनूक येईन थिथं जा," म्हणाले. हंगाम म्हणजे लग्नसराई.

साहेबांची दुसरी खोड चहाची. मत द्यायचं असेल तिथं ते चहाला शिवत नसत. "पंचानं ज्याचा पंचनामा त्याच्याच घरचा चहा पिला, तं पंचनामा गेला चुलीत." नोकरीतली सवय निवृत्तीनंतर सुटायची, यांची वाढली. कोणी नवीन खुर्ची दाखवायला बोलावलं, तर आधी खुर्चीवर बसून, उलटी करून, मत सांगून मोकळे व्हायचे आणि मग बशीला हात लावायचे. मला एकदा पाहायला पाहुणे आले होते. बाबांनी साहेबांना वडीलधारे म्हणून बोलावलं. सगळ्यांनी पोहे खाल्ले, साहेबांची बशी तशीच. मुलाकडच्यांनी आग्रह केला तर म्हणाले, "आधी बोलतो, मंग खातो." आणि सगळ्यांच्या देखत बोलले, "पोरगा चांगला हाय. पन काई इचारलं का आईच्या तोंडाकडे पाहून राह्यला. उद्या बायकोचं मत इचारलं तरी थिकडेच पाहीन." मग त्यांनी शांतपणे पोहे संपवले. स्थळ अर्थातच मोडलं. आई आठवडाभर धुसफुसत होती, मी मात्र साहेबांची त्याबद्दल आजही आभारी आहे.

बाबा त्यांना इतकं का मानायचे, तेही ऐका. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावात वस्तीतल्या माणसांना, त्यात आमच्या घरालाही, सरकारी जमीन मिळाली होती आणि पाटलाला ती खुपत होती. जमीन पडीकच आहे, कोणी कसत नाही, परत घ्या, असा अर्ज गेला. चौकशीला गिरदावर आले. पाटलाने त्यांना शेत दाखवलं, खरोखरच तणाने भरलेलं. दोन म्हातारे साक्षीदार उभे केले, त्यांनीही सांगितलं की या शेतात आम्ही कधी नांगर पाहिला नाही. अगदी खरं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि नकाशा उघडून बांधाचा दगड शोधायला निघाले. पाटील मागून म्हणतोय, साहेब, जेवण थंड होतंय. दगड सापडला, तेव्हा कळलं की दाखवलेलं शेत ते नव्हेच. ज्याच्यावर अर्ज होता त्या शेतात गुडघाभर ज्वारी उभी होती. बाबा सांगायचे, साहेब पाटलाच्या वाड्यावर गेलेच नाहीत. वस्तीतल्या हौदाचं पाणी मागून प्यायले आणि बैलगाडीच्या दांडीवर बसून पंचनामा लिहिला. "गवाह खरे होते, पन शेत दुसरं होतं," हे त्यांचं वाक्य बाबांनी आम्हाला लहानपणी इतक्यांदा ऐकवलं की शाळेत मला पाढ्यांच्या आधी ते पाठ झालं असावं.

असा माणूस कंप्युटरच्या नादी कसा लागला? निवृत्तीच्या सुमारास कचेरीत बोलवा उठली की जमिनीची सगळी पहाणी पत्रकं आता या मशीनमध्ये जाणार. साहेबांची झोप उडाली. जन्मभर ज्या कागदांसाठी पायपीट केली, ते जिथं राहायला जाणार ते घर कसं आहे, हे त्यांना पाहायचं होतं. बसस्टँडवरच्या पुस्तकवाल्याला सांगून त्यांनी इंग्रजीतलं एक कंप्युटरचं मासिक लावलं. हैदराबादहून यायचं. ते समोर धरून, डोळ्याला भिंग लावून, ते दुपार दुपार वाचत बसायचे. बाकीचं जग तेव्हा मशीनचा वेग किती, आठवण किती, असल्या गप्पा मारायचं. साहेबांचा जीव अडकला तो मागच्या बाजूच्या लोखंडी पेटीत. भिंतीतली वीज घेऊन मशीनला लागेल तेवढीच, लागेल तशी पुरवणारी ही पेटी. पंखा असलेली, वायरींचा झुपका लोंबणारी. पॉवर सप्लाय तिचं नाव, दुकानदार एसएमपीएस म्हणतात. "बैल कितीबी ताकदीचा असू दे," साहेब म्हणायचे, "दाना-पानी खराब तं वखर काय वढन?"

आणि आमच्याकडची वीज म्हणजे काय सांगू. उन्हाळ्यात दिवा मंद व्हायचा, पंखा मोजून घ्यावा असा फिरायचा, मग एकदम जायचीच. गल्लीभर पोरं ओरडायची, "करंट पोयिंदी!" परत यायची ती अशी उसळून की बल्ब फुटायचे. तेव्हा साहेबांचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता.

मासिकात येणाऱ्या मालाच्या परीक्षणांना साहेब 'जबानी' म्हणायचे, आणि लिहिणाऱ्याला 'गवाह'. प्रत्येक जबानी ते कचेरीत घ्यावी तशी घ्यायचे. लाल-निळी पेन्सिल घेऊन समासात प्रश्न टाकायचे, उर्दूत. यानं पेटी उघडून पाह्यली का नुसतं वरचं लेबल वाचलं? किती वेळ चालवली? दिल्लीच्या गार खोलीत चालवली का उन्हात? मला बोलावून वाचून दाखवायचे. "हा पाय पोरी. 'दिसाले सुंदर, अनेक वर्षं टिकन.' अरे, तुह्याकडे महिन्यापासून हाय थे, वर्षाची बात कुठून आनली? याची गवाही रद्द." आणि पानावर मोठी लाल फुली. एखाद्या परीक्षणात नुसतीच स्तुती असली की ते मासिक बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "याले चहा पाजला."

मला हसू यायचं, पण त्यांच्यामुळे मी वाचायला शिकले. छापून आलं म्हणजे खरं, अशी आमच्या घरची समजूत. बाबा तर वर्तमानपत्रातल्या केसांच्या तेलाच्या जाहिरातीवरही विश्वास ठेवायचे. छापणाऱ्याला विचारायचं असतं, तू हे पाहिलंस का, हे मला साहेबांनी शिकवलं.

माझ्या मशीनची पेटी त्यांनीच निवडली. दुसऱ्या कोणाला ते हात लावू देते ना. कितीतरी महिन्यांची मासिकं पसरून त्यांनी एक परीक्षण काढलं आणि असे हसले जसे बाजाराच्या टोकाच्या म्हातारीसमोर हसायचे. त्या गवाहाने लिहिलं होतं की पंखा आवाज करतो, वायरी आखूड आहेत, रंग खरवडला जातो. पण पेटी आतून भरभक्कम आहे, वीज कमी-जास्त झाली तरी डगमगत नाही. शेजारी उघड्या पेटीचा फोटोही छापलेला. "पेटीच्या तीन खोटी सांगतल्या यानं," साहेब म्हणाले. "ज्याले विकाचं हाय तो तीन खोटी नाई सांगत. हा मानूस खरा हाय." बाबाही होते. साहेब म्हणाले म्हणजे झालं. नागपूरहून मशीन आलं, त्यात तीच पेटी, तेच नाव, तेच लेबल. लावली तेव्हा पंखा घरघरला. साहेबांनी त्या घरघरीकडे कान देऊन मान डोलावली. "बराबर. जबानीत लिहेल हाय."

दुकान चाललं. मी म्हणते म्हणून नव्हे, खरंच चाललं. आधी शाळांच्या प्रश्नपत्रिका आल्या, मग बारशाची, वास्तूची आमंत्रणं. होळी सरली आणि लग्नपत्रिकांना सुरुवात झाली. इचोड्याकडची माणसं बसने यायची, बाकावर बसून आपल्या आजोबांचं नाव पडद्यावर मराठीत उमटताना पाहायची. एक शेतकरी तर बायकोला मुद्दाम घेऊन आला, तिचं नाव पत्रिकेत छापलेलं दाखवायला. तिने विचारलं, "हे मीच का?" मी इतकी सुखात होते की दुपारी जेवायचंही विसरायचे. शेजारच्या खोलीतून साहेब ऐकत असायचे. तेही सुखात होते, कबूल करत नसत इतकंच. त्यांचं मत आता गल्लीत चालायला लागलं होतं. पंखा घ्यायचा, रेडिओ घ्यायचा, लोक आधी साहेबांकडे यायचे.

एप्रिलातल्या एका दुपारी वीज गेली. मी बटण बंद केलं. वीज आली, स्थिर झाली असं वाटलं, थोडं थांबून मी मशीन चालू केलं. पत्रिका अर्धी झाली होती तेवढ्यात दिव्याने एकदम डोळे मोठे केले आणि मशीनच्या मागून फट् असा आवाज आला. लहानसाच आवाज, फुटाणा फुटावा तसा. मग जळका वास. पडदा काळा झाला तो झालाच. नागपूरच्या माणसाने नंतर पाहून सांगितलं, पेटी जाताना एकटी गेली नाही, आतलं मुख्य सर्किट आणि सगळं साठवलेली डिस्क दोन्ही घेऊन गेली. जुळवून ठेवलेल्या पत्रिका, शाळांचं काम, सगळं गेलं.

मी रडले नाही, मला राग आला होता. साहेब पेचकस घेऊन आले. त्यांनी पेटी काढली, ओसरीवर उजेडात नेली, चारी स्क्रू काढले आणि झाकण उचललं. मग आत गेले आणि ते मासिक घेऊन आले. फोटो पेटीशेजारी ठेवला. भिंग एकदा फोटोवर, एकदा पेटीवर. फोटोत तारेची जाडजूड गुंडाळी होती, उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या होत्या. आमच्या पेटीत गुंडाळी सुपारीएवढी, पट्ट्या पत्र्याच्या, आणि काही जागा नुसत्याच रिकाम्या, जिथं काहीतरी बसायला हवं होतं. बाहेरून नाव तेच, लेबल तेच. मासिकाकडे पाठवलेला माल एक, बाजारात उतरवलेला दुसरा.

काकू दारात उभ्या होत्या. बाबाही आले होते. साहेबांनी भिंग खाली ठेवलं.

"गवाह खरा होता," ते म्हणाले. "त्यानं जे पाह्यलं थे लिहिलं. शेत दुसरं होतं."

त्या वाक्यावर आमचं घर उभं होतं, आणि ते वाक्य ज्याचं, तोच माणूस दगड शोधायचा विसरला होता. गवाह खरा की खोटा हे ठरवण्यात ते इतके रमले की त्याने पाहिलेली वस्तू आणि आपल्या हातातली वस्तू एकच आहे का, हे त्यांनी पाहिलं नाही. लावायच्या आधी एकदा झाकण उचललं असतं तर पुरलं असतं. हे आम्हा तिघांना कळायच्या आत त्यांना कळलं होतं.

"होते असं," बाबा म्हणाले. "साहेब, तुमचा काय दोष?"

"मास्तर, असं बोलू नका," साहेब म्हणाले. "माह्या नोकरीत याच्यापाई मी लोकाइले घरी बसवलं हाय."

बाकीचं सामान नागपूरहून लवकर आलं. राहिली ती पेटी. ती मी आणते, असं म्हणायच्या आत साहेबांनी सांगून टाकलं, ती ते देतील, आणि या वेळी कोणाच्या जबानीवर नाही. नागपूरला बसने स्वतः गेले. एकाच नावाच्या दोन पेट्या आणल्या, दोन्ही उघडल्या, आतून सारख्या आहेत हे पाहिलं. इथं गोष्ट संपायला हवी होती. मी हात पुढे केला. साहेबांनी पेटी मागे घेतली.

"उन्हाळा काढू दे तिले," म्हणाले.

त्यांनी पेटी मागच्या पत्र्याच्या खोलीत नेली. त्या खोलीत मे महिन्यात मांजरही जात नसे. इचोड्याच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून जीपचे बल्ब आणले आणि मशीनएवढा भार पडावा म्हणून ते पेटीला जोडले. मग समोर स्टूल टाकून बसले. कोट घालून. पेटीवर मधून मधून तळहात ठेवायचे, ताप पाहावा तसा. वीज गेली की थांबायचे, आली की पुन्हा लावायचे. संध्याकाळी दोन पंच बोलवायचे, पिठाच्या गिरणीवाले शेठ आणि माझे बाबा. पंचांनी हात लावून पाहायचं आणि सांगायचं, चालू आहे. पंचांना चहा नाही. गिरणीवाले मला म्हणाले, "बहेनजी, पानी भी नहीं पूछते."

आणि माझी लग्नसराई दारावरून चालली होती. माणसं यायची, बाकावर बसायची, मी सांगायची, चार दिवसांनी या. चार दिवसांनी यायची. मग पांढरकवड्याला जायची. ज्याच्या घरी मांडव पडला आहे त्याने कुठवर थांबावं? मी साहेबांना म्हटलं, "साहेब, दुसरी पेटी तं मोकळीच हाय. थेच द्या. नाई तं मी कोनतीबी आनून लावतो."

"आन उद्या पुन्हा जळली तं?"

"जळू द्या. हंगाम तं निंघन."

त्यांनी पेटीवर पुन्हा तळहात ठेवला. घरी बाबांशी भांडले. बाबा एकच म्हणायचे, "साहेब थांब म्हनून राह्यले तं थांब पोरी. त्याहीनं आपल्यासाठी दगड शोधला होता." ज्या जमिनीवर आमचं घर शिकलं, ती त्या दगडामुळे राहिली. त्यापुढे माझ्या पत्रिकांचं काय. काकू मात्र माझ्या बाजूने होत्या. पत्र्याच्या खोलीच्या दारात उभ्या राहून साहेबांना म्हणायच्या, "अवं, पोरीचं नुकसान होऊन राह्यलं. काऊन हट्टाले पेटले?" आतून नुसता पंख्याचा आवाज.

त्याच महिन्यात बसस्टँडजवळ एक नवीन कंप्युटर सेंटर निघालं, तेलुगू-इंग्रजीचं. त्या पोराने मिळेल ती स्वस्तातली पेटी लावली होती. कोणाचं परीक्षण वाचलं नव्हतं, झाकण उघडून पाहिलं नव्हतं. मला सांगायला वाईट वाटतं, पण त्याची पेटी पुढे कितीतरी वर्षं काही न होता चालली.

मंचेरियलला कारकुनाची नेमणूक झाल्याचा माझा कागद जूनमध्ये आला. बाबांनी दिलेला उन्हाळा संपला होता. आई ट्रंक भरायला लागली.

आणि साहेब पेटी घेऊन आले. पांढऱ्या कापडात शिवलेली, गाठीवर लाखेचं सील, कचेरीत जप्तीचा माल ठेवतात तशी. मध्ये कोणी बदलू नये म्हणून. उन्हाने त्यांचा चेहरा काळवंडला होता, कोट खांद्यावर सैल झाला होता. "घे," म्हणाले. "आता कोनाची जबानी नाई. म्या सोता पाह्यलं. पंखा जरासाक वाजते. वायर आखूड हाय. बाकी बराबर."

मी सील तोडलं, पेटी बसवली, बटण दाबलं. मशीन असं सुरू झालं की मी आजवर कुठलं मशीन इतकं सुरळीत सुरू झालेलं पाहिलं नाही. ती पेटी चांगली होती. खरंच फार चांगली होती. साहेबांनी बाकाकडे पाहिलं. तो रिकामा होता. मग त्यांचं लक्ष ट्रंकेकडे गेलं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"मंचेरियल. कारकून म्हनून."

ते बाकावर बसले. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, तिथं काही नव्हतं तरी. मग म्हणाले, "पीक कापून नेल्यावर पंचनामा झाला पोरी." मला म्हणायचं होतं, नाही साहेब, तसं काही नाही. पण तसंच होतं, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

मशीन नागपूरच्या दुकानदाराने परत घेतलं. ती पेटी त्याच्याबरोबर कोणाकडे गेली, मला माहीत नाही. ज्याच्याकडे गेली त्याचं काही जळलं नसेल, एवढं मी सांगू शकते. साहेबांनी त्यानंतर मासिक बंद केलं. कोणी पंखा, रेडिओ विचारायला आलं तर म्हणायचे, "मले नका इचारू." वांगी काकू स्वतः आणायला लागल्या. मी सुट्टीत आले की त्यांना भेटायला जायची. चहा लगेच यायचा आणि ते लगेच प्यायचे. मी मुद्दाम काहीतरी विचारायची, साडी कशी आहे, घड्याळ कसं आहे. ते म्हणायचे, "चांगलं हाय." नुसतं चांगलं हाय. ज्या माणसाने जन्मात कधी खोट सांगितल्याशिवाय वस्तूला चांगलं म्हटलं नव्हतं, त्याचं ते चांगलं हाय ऐकून मी उठायची आणि रिकाम्या कपबशा आत नेऊन ठेवायची. मी त्यांच्यावर रागावलेली नव्हते. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. ज्या आदिलाबादेत मी लोकांच्या पत्रिका जुळवल्या, तिथं माझी स्वतःची जुळवायला कोणी नव्हतं. ती पांढरकवड्याहून छापून आली. बाबा पहिली पत्रिका साहेबांना द्यायला गेले. बाबा सांगतात, साहेबांनी भिंग मागवलं, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली आणि अगदी तळाशी, जिथं छापखान्याचं नाव आणि खाली 'पांढरकवडा' असं बारीक अक्षरात होतं, तिथपर्यंत आले. तिथं भिंग थांबलं. मग त्यांनी पत्रिका घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, लग्नाला येतो.

लग्नाला काकू एकट्या आल्या. अक्षता टाकून झाल्यावर मला भेटायला आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. मी विचारलं, "साहेब?"

"नाई आले," काकू म्हणाल्या. "सकाळी कोट घालून दारापर्यंत आलते. मंग म्हनाले, तू जा. मी पत्रिका पाह्यली, तेवढं बस झालं."

ते यायला हवे होते. मांडवात इतकी माणसं होती, आणि मी सबंध दिवस दाराकडे पाहत होते.